इंजिनाचा मूळ रंग

हे लिहायला बसलो त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. आमच्याकडे लिहिणं म्हणजे अर्ज लिहिणं, तेही दुसऱ्या कोणाकडून लिहून घेणं. त्यामुळे पुस्तकात छापतात तसं मला जमेल की नाही, शंका आहे. शिवाय जे सांगणार आहे ते काही फार चांगल्या मनानं सांगत नाही. मला एका माणसावर सूड उगवायचा होता आणि त्यासाठी मी एका जुन्या मोटारीच्या इंजिनाचा मूळ रंग शोधत होतो. सांगण्यासारखं एवढंच आहे.

आमचं गाव मेडशीच्या जवळ. गावात एक मोठं घर आहे, आणि त्या घरी बाबा पुष्कळ वर्षं ड्रायव्हर होते. त्या घरच्या कर्त्या माणसाला सगळं गाव मालक म्हणतं, म्हणून मीही मालकच लिहितो. बाबांना कामावर ठेवलं होतं ते आत्ताच्या मालकांच्या वडिलांनी, थोरल्या मालकांनी. त्यांच्याकडे एक जुनी मोटार होती. गोल दिवे, फुगीर मडगार्ड, नाव विलायती. पण तिचे सुटे भाग बोटीनं आणून गाडी आपल्याच देशात जोडलेली. हे 'आपल्याच देशात जोडलेली' पुढे फार महत्त्वाचं ठरणार होतं, पण तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

थोरल्या मालकांची एक रीत होती. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून जो ऑइलपेंट उरायचा, तो डबा ते घट्ट बंद करून ठेवायला लावत. दसऱ्याला गाडी पूजेसाठी धुऊन काढली की तो उरलेला रंग इंजिनाला द्यायचा. बैलानं ओढलं तर त्याची शिंगं रंगवायची आणि इंजिनानं ओढलं तर त्याला काळं तेलकट ठेवायचं, हे त्यांना बरोबर वाटत नसे. रंग लाल असायचा. द्यायचं काम बाबांचं. आमच्या स्वतःच्या घरी त्या दिवशी शस्त्रपूजा नसते. आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. बाबाही यायचे, फक्त त्यांच्या नखांत लाल रंग राहिलेला असायचा आणि आई निघेपर्यंत रॉकेलचा बोळा घेऊन त्यांच्या मागे लागायची. पूजेनंतरच्या पहिल्या फेरीला गाडीत जळक्या रंगाचा वास भरायचा. थोरले मालक म्हणायचे, इंजन नैवेद्य खाऊन राह्यलं.

थोरल्या मालकांना शेवटी शेवटी दिसेनासं झालं होतं; ते गेल्यावर गाडी गोडाऊनमध्ये गेली आणि बाबांची नोकरी सुटली. मग ते लोकांच्या गाड्या चालवायला लागले. गावात ज्यांच्याकडे गाडी आहे पण लांबवर चालवायची हिंमत नाही, ते बाबांना बोलावत. लग्नाला, अकोल्याच्या दवाखान्यात, देवाला. त्यावर आमचं घर आणि माझं वाशिमचं शिक्षण चाललं होतं.

आत्ताचे मालक लहानपणापासून नागपूरला बोर्डिंगात वाढले. गावी ते सुट्टीपुरते यायचे, त्यामुळे आपल्या वडिलांच्या गाडीचं बॉनेट त्यांनी क्वचितच उघडलेलं पाहिलं असेल. त्यांना ती गाडी पुन्हा होती तशी करून जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात न्यायची हौस आली. नागपूरहून एक मिस्त्री आला. त्यानं इंजिन उतरवून स्टँडवर ठेवलं आणि सांगितलं की या गाडीला लाल इंजिन कधी येत नव्हतं, लाल इंजिनं लॉरीची. शिवाय इंजिनावर नंबराची पट्टी नाही, नुसती रिबिटांची भोकं आहेत. म्हणजे कोणीतरी मूळ इंजिन काढून दुसरं बसवलं.

मालकांनी हे आमच्या घरी येऊन विचारलं असतं तर कदाचित एवढं झालं नसतं. त्यांनी विचारलं ते मेडशीच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात, एसटी यायच्या वेळेला. मी वाशिमहून सुट्टीवर आलो होतो. बाबा मला घ्यायला आले होते आणि आम्ही चहा पीत होतो. मालकांची नवी गाडी थांबली. ते उतरले नाहीत, काच खाली केली.

"काहून रे, आमचं इंजन कुठी विकलं?"

बाबांना थट्टा वाटली. ते हसले. "कोणतं इंजन, मालक?"

"मूळचं. हे तं लॉरीचं बसवेल हाय. आमच्या आबाले दिसत नव्हतं तवा काढलं काय?"

बाबांचा कप हातातच राहिला. हॉटेलातले लोक वळून बघत होते. मालक म्हणाले, "खाल्लं मीठ इसरला तू," आणि काच वर झाली.

चोर हा शब्द त्यांनी वापरला नाही. वापरायची गरजच नव्हती. आठवडाभरात फरक दिसू लागला. बाबा कोणाची गाडी परत नेऊन देत, तेव्हा ती माणसं किल्ली घ्यायच्या आधी मागे जाऊन स्टेपनी आहे का बघत, जॅक आहे का बघत. पूर्वी तेच लोक किल्ली ओट्यावर ठेवा म्हणून घरातूनच सांगायचे. पुढे पुढे बाबाच गाडी थांबवल्याबरोबर उतरून डिकी उघडून बाजूला उभे राहू लागले, कोणी विचारायच्या आत. ते मी एकदा पाहिलं. त्या दिवसापासून मला झोपताना दुसरं काही सुचेना.

आधी मनात फार खालच्या गोष्टी आल्या. गोडाऊनच्या खिडकीतून हात घालता येतो हे मला माहीत होतं. इंजिन उघडं होतं, मूठभर माती पुरली असती. पण मग बाबाच खरे चोर ठरले असते. मला काहीतरी असं हवं होतं की ज्यानं मालकांना त्याच हॉटेलात, तेवढ्याच लोकांसमोर, स्वतःच्या तोंडानं मागं घ्यावं लागेल. वाशिमच्या खोलीवर मी ते दृश्य अनेकदा मनात रचलं. प्रत्येक वेळी मालक खाली मान घालून उभे असायचे आणि प्रत्येक वेळी मी काहीतरी जास्त लागट बोलायचो.

लाल रंग दसऱ्याचा आहे, हे नुसतं सांगून पटण्यासारखं नव्हतं. बाबांना विचारलं की त्याखाली काय होतं. ते म्हणाले, मी लागलो तवाच इंजन लाल होतं बाबू, खालचं मले काय माहीत. म्हणून मी शोधायला लागलो. माझं इंग्रजी कच्चं. मोबाइलवर एकेक पान शब्द अडत अडत वाचायचो. परदेशातल्या हौशी लोकांनी त्या गाडीबद्दल फार बारकाईनं लिहिलेलं होतं, कोणता नट कुठल्या बाजूनं आवळायचा इथपर्यंत. इंजिनाच्या रंगाबद्दल सगळ्यांचं एकच होतं: राखाडी. फोटोही राखाडी. मी पानं छापून घेतली आणि मला वाटलं, झालं. लाल खरवडायचं, खाली राखाडी निघेल, म्हणजे इंजिन मूळचं.

मी मालकांच्या गोडाऊनमध्ये गेलो आणि ते बोलूनही दाखवलं. मालक म्हणाले, पाहू तुझं कॉलेज. चार लोक आपोआप जमले. मिस्त्रीनं एका कोपऱ्यात रिमूव्हर लावला आणि पत्र्यानं खरवडायला सुरुवात केली. लाल निघाला, त्याखाली अजून लाल, वेगळ्या दुकानातला असावा असा, मग अजून एक. कांद्यासारखे थर होते. मग एक थर निळा निघाला. सगळे वाकले. त्याखाली परत लाल, आणि सगळ्यात खाली लोखंडाला धरून बसलेला एक मळकट हिरवा.

राखाडी कुठंच नव्हता.

मिस्त्री माझ्या हातातल्या पानांकडे बघत म्हणाला की मूळ रंग राखाडी हे मात्र या पोरानं चांगलं शोधून आणलं, आपण तोच देऊ. आणि हे हिरवं दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचं. म्हणजे माझ्याच कागदांनी बाबा पक्के अडकले. पण मालकांचं समाधान त्यावर झालं नाही. त्यांनी त्या निळ्या थरावर बोट ठेवलं.

"अन् हा निळा? आमच्या घरात निळा कोण लावते?" ते लोकांकडे वळून हसले. "सही करून गेला तुहा बाप."

दोघंतिघं हसले. मला त्यांचे चेहरे आजही आठवतात. मी कागद गोळा केले आणि निघालो. मालकांपेक्षा मला स्वतःचाच राग जास्त आला, कागद मीच नेले होते.

घरी आल्यावर हे सांगावं की नाही कळेना. शेवटी सांगितलं. मला वाटलं होतं बाबा गप्प बसतील, पण ते एकदम उठून बसले.

"निळा? मी तं निळा कधीच लावला नाही."

मग ते हसायलाच लागले. म्हणाले, अरे तो पोळा. बाबा लहान होते तेव्हाची गोष्ट. पोळ्याच्या आदल्या दिवशी बाजारात लाल रंग मिळाला नाही म्हणून थोरल्या मालकांनी निळा आणायला लावला. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली त्यांची बैलजोडी उभी राहिली, निळी शिंगं घेऊन. आमच्या मोहल्ल्यातली पोरं मागे ओरडत फिरली की मालकाचे बैल जयंतीच्या मिरवणुकीले निघाले. थोरले मालकही हसले होते म्हणे, पण पुढच्या वर्षी लाल रंग त्यांनी महिनाभर आधीच आणून ठेवला.

"त्या वक्ती मले सायकल येत नव्हती चालवता," बाबा म्हणाले. "इंजन कुठून विकीन?"

मी दुसऱ्याच दिवशी मेडशीच्या हॉटेलात गेलो. हॉटेलवाला म्हातारा आहे. त्याला निळ्या शिंगांचं नुसतं विचारलं तर त्यानं गिऱ्हाइकं सोडून ती मिरवणूक पुन्हा सांगितली, अजून दोन जणांनी त्यात भर घातली. म्हणजे निळा रंग इंजिनावर बसला तो बाबा ड्रायव्हर व्हायच्या कितीतरी आधी, आणि हिरवा तर त्याच्याही आधी. इंजिन बदललं असेलच तर ते बाबांनी नाही. गावातल्या काहींना हे पटलं. काही म्हणाले, पण हिरवं कसं? ज्यांच्या गाड्या बाबा चालवायचे ते याच दुसऱ्या लोकांत होते. स्टेपनी बघणं चालूच राहिलं.

म्हणून मी पुन्हा शोधायला बसलो, आणि या वेळी मला कळेना की आधीचं नेमकं कुठं चुकलं. जुन्या गाड्यांच्या मालकांचा एक ग्रुप सापडला. त्यावर मी माझ्या इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. उत्तर मराठीत आलं आणि मग फोनही आला. कोल्हापूरकडच्या एक बाई होत्या. त्यांचं बियाण्यांचं दुकान आहे, आणि सासऱ्यांनी घेतलेली तीच गाडी त्या स्वतः उघडून, जोडून, चालवतात. माझं सगळं ऐकायच्या आधी त्यांनी मलाच प्रश्न विचारले. गाडी कोणत्या साली आली, स्टार्टर बटणाचा की ओढायचा, डायनमो कुठल्या बाजूला. मला निम्म्यांची उत्तरं येत नव्हती. त्या रागावल्या.

"बाळ, तू बाहेरच्या गाड्यांची पानं वाचून इथली गाडी ठरवायला निघालास. तिकडं राखाडी असंल. आपल्याकडं जोडल्या त्यांना हिरवा मारायचे."

त्यांनी आपल्या इंजिनाचे फोटो पाठवले. तोच हिरवा, गोडाऊनच्या कोपऱ्यातला. पण एका गाडीवरून काही ठरत नाही, हेही त्यांनीच बजावलं. कधीच न रंगवलेली इंजिनं शोध, आणि जिथं ब्रश पोचत नाही तिथला रंग बघ. त्यांच्या ओळखीनं अजून दोघांनी डायनमो सोडवून त्यामागचे फोटो पाठवले. हिरवा. इथं छापलेल्या जुन्या पार्ट-पुस्तकाचं पान आलं, त्यात इंजिनाच्या रंगाचं नावच दिलेलं होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा लोखंडी ठोकळा, ओततानाच डायनमोच्या मागच्या बाजूला लोखंडात एक खूण उठवलेली असते. पट्टी पडली तरी ती खूण जात नाही. त्यावरून तो ठोकळा याच गाडीचा आहे का आणि साधारण कधीचा, हे समजतं.

आता माझ्याकडे सगळं होतं. मी ते एका फाइलमध्ये लावलं आणि मालकांच्या घरी गेलो. या वेळी मी चार लोक जमू दिले नाहीत. मालक ओसरीवर होते. मी उभाच राहिलो. रस्त्यानं पाठ केलेलं सगळं विसरलो, फक्त मुद्द्याचं तेवढं आठवलं.

"मालक, इंजन मूळचंच हाय. मिस्त्रीनं कुठी पाह्यचं, कोणता रंग द्यायचा, सारं हाय याच्यात. फक्त तुमी त्या हॉटेलात, एसटीच्या टायमाले, म्हणा का आमच्या ड्रायव्हरनं काही विकलं नाही. मंग हे तुमचं."

मालकांनी वाचायला फाइल मागितली नाही.

"अट घालून राह्यला मले?"

"हो."

"तुह्याच कागदावरून रंग आणला मिस्त्रीनं. आता दुसरे कागद घेऊन आला. ठेव तुह्यापाशी."

मी फाइल घेऊन परत आलो. कोल्हापूरच्या बाईंना सांगितलं तेव्हा त्यांना माझं वागणं आवडलं नाही. माहिती दाबून ठेवू नये, गाडीनं कुणाचं काय वाईट केलंय, तू सरळ मिस्त्रीला पाठवून दे, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या जागी त्या बरोबर असतील. मी पाठवलं नाही. मालकांनी इंजिनाचे सगळे थर, लाल, निळा, हिरवा, पार लोखंडापर्यंत काढून टाकायला लावले, हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं, कारण निळ्या शिंगांचा तो थर गेला. आणि त्यावर राखाडी रंग चढला हे कळलं तेव्हा मला आनंद झाला. अजूनही त्याची लाज वाटत नाही. वर्गात सर शिकवत असायचे आणि मी मनातल्या मनात ते चकचकीत राखाडी इंजिन बघत असायचो, आणि त्याच्या मागे, डायनमोआड, लोखंडात उठलेली ती खूण. ती त्यांना खरवडता येणार नव्हती.

गाडी नागपूरच्या प्रदर्शनात गेली हे बाबांकडून कळलं. काय झालं ते मात्र कळेना. बाबांना स्वतःहून विचारायचं नव्हतं आणि मला विचारायला कोणी नव्हतं. असे बरेच दिवस गेले. एका दुपारी मी खोलीवर कपडे धूत होतो आणि बाबांचा फोन आला. दुपारचे ते कधी फोन करत नाहीत, म्हणून मी ओल्या हातानंच उचलला. त्यांनी आधी सोयाबीनचं सांगितलं, मग आईच्या गुडघ्याचं. मग म्हणाले, मालकाचा नवा ड्रायव्हर भेटला होता, तो होता गाडीसंगं नागपूरले.

"गाड्या तपासनारा एक बुडगा म्हातारा होता म्हणे. त्यानं आरसा अन् हातबॅटरी घेतली, डायनमोच्या मागं पाह्यलं. म्हणला, ठोकळा तं मूळचा हाय, पण हा म्हशीचा रंग कोणं देला याले? हिरवा पाह्यजे होता. बक्षिसाचा नंबर नाही भेटला."

मग मी विचारलं, "अन् मालक?"

"आज थांबला होता हॉटेलात. मी तथीच होतो. हॉटेलवाल्यानं इचारलं, काय झालं मालक गाडीचं."

"मंग?"

"म्हणला, इंजन आमचंच निघालं. आबाच्या टायमाचं."

"तुमी विकलं नाही, असं म्हणला काय?"

"नाही. तेवढंच म्हणला."

"तुमच्याकडं पाह्यलं?"

"मी पाह्यलं त्याच्याकडं," बाबा म्हणाले. "एसटी आल्ती, लोक होते बरेच. चहा सांगितला होता त्यानं. तो न पेताच गेला."